अज्ञात इसम : श्रीकृष्ण अहवालाचे एक वाचन

मी नववीच्या वर्गाला मराठी शिकवते. शाळा उर्दू माध्यमाची आहे. आमच्या मुलांसाठी मराठी ही घरातली भाषा नाही, ती एस.टी.च्या कंडक्टरची, तलाठ्याची, रेशन दुकानाची आणि पोलिसाची भाषा आहे. निबंधलेखनात आत्मवृत्त हा एक प्रकार असतो. नदीचे आत्मवृत्त, फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त वगैरे. एका वर्षी मी 'पोलिसाचे आत्मवृत्त' हा विषय दिला. बहुतेकांनी गाईडातला मजकूर उतरवून काढला : ऊन-पावसाची पर्वा न करता मी जनतेचे रक्षण करतो, सणासुदीला मला घरी जाता येत नाही, इत्यादी. एका मुलाने मात्र गाईड बाजूला ठेवले होते. त्याच्या निबंधातला पोलीस सांगतो की तो गल्लीत आला की चहावाला स्टोव्ह विझवतो आणि पोरे आत पळतात. पोरे पळाली म्हणजे त्यांनी काहीतरी केले असणार, असे त्याला वाटते. म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.

मी त्याला दहापैकी आठ गुण दिले. ऱ्हस्व-दीर्घाचे दोन कापले. पण ते पान डोक्यातून जाईना. दंगलीच्या वेळी जन्मलाही नव्हता अशा त्या मुलाने चार ओळींत जे लिहिले, ते सिद्ध करायला एका न्यायमूर्तीला पाच वर्षे लागली होती. म्हणून मी श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल पुन्हा काढला, आणि या वेळी तो एक मजकूर म्हणून वाचला, म्हणजे भाषेचा शिक्षक एखादा धडा जसा वाचतो तसा.

आपल्या समाजात या अहवालाचे नाव न ऐकलेला माणूस विरळा आणि तो पानोपानी वाचलेला माणूसही तितकाच विरळा. आपण त्याचा उल्लेख करतो, दाखला देतो, मोर्च्याच्या फलकावर त्याचे नाव लिहितो. 'श्रीकृष्ण अहवाल लागू करा' ही घोषणा ऐकत माझी पिढी मोठी झाली. पण लागू करा म्हणजे नेमके काय करा, असे विचारले तर बहुतेकांच्या तोंडून एकच उत्तर येते : दोषींना शिक्षा. तेवढेच त्या अहवालात असते, तर त्याचे वाचन वकिलांवर सोपवता आले असते.

थोडा इतिहास सांगणे भाग आहे. २५ जानेवारी १९९३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग नेमला गेला. २३ जानेवारी १९९६ रोजी युती सरकारने तो गुंडाळला. त्याच वर्षी २८ मे रोजी त्याला पुन्हा जीवदान मिळाले, पण त्याच्या कक्षेत मार्च १९९३ चे बॉम्बस्फोटही घालण्यात आले. १६ फेब्रुवारी १९९८ ला अहवाल सरकारच्या हाती पडला आणि ६ ऑगस्टला तो विधिमंडळात मांडला गेला. सोबतच्या निवेदनात सरकारने त्याला हिंदूविरोधी आणि एकतर्फी ठरवले. ९०० मृतांचा हिशेब त्यात आहे : ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ अनोळखी आणि इतर ५. हे आकडे अनेकांना पाठ असतात. दुसरा हिशेब मात्र क्वचितच कोणी सांगतो, तो मृत्यूच्या कारणांचा. भोसकून मेले ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या मारहाणीत ८०, खासगी गोळीबारात २२. आणि पोलिसांच्या गोळीबारात ३५६. त्या वीस दिवसांत या शहरात सर्वांत जास्त माणसे ज्या एका कारणाने मेली, ते कारण सरकारी होते.

अहवालाची सुरुवात मला पटली नाही, हे आधीच सांगते. सुरुवातीलाच न्यायमूर्ती सैतानी शक्ती मोकाट सुटल्याची प्रतिमा वापरतात. दंगलीवरच्या लेखनात सैतान, वणवा, उन्माद ही नेहमीची पात्रे असतात. आपल्या उर्दू-मराठी कवींनीही १९९३ नंतर त्यांचा सढळ वापर केला. पण सैतानाला ड्यूटी लावता येत नाही, त्याची बदली करता येत नाही, त्याच्यावर खातेनिहाय चौकशीही बसत नाही. प्रतिमा जेवढी मोठी, तेवढा माणूस सुटतो. अहवालाचे खरे मोल हे की पहिल्या पानावरचा तो सैतान पुढच्या शेकडो पानांत कुठेच सापडत नाही. सापडतात ते ठाणे अंमलदार, उपनिरीक्षक, शाखाप्रमुख, गल्लीतले दादा, मशिदीजवळ जमलेली पोरे आणि फोन उचलून ठेवून देणारा माणूस.

दुसरा खंड पोलीस ठाण्यांनुसार रचलेला आहे. या रचनेला कोणी साहित्य म्हणणार नाही, पण अहवालाची ताकद तिच्यातच आहे. दंगलीची गोष्ट सांगताना आपण ती सलग सांगतो : आधी हे झाले, मग ते झाले, मग त्याचा बदला. सलग गोष्टीला एक नायक लागतो आणि एक खलनायक लागतो. ठाणेवार हिशेबात तशी सोय नाही. त्याच शहरात, त्याच रात्री एका हद्दीत गोळी चालते आणि दुसऱ्या हद्दीत चालत नाही. एका ठिकाणी अधिकारी मोहल्ला कमिटीच्या माणसांना बोलावून घेतो, दुसऱ्या ठिकाणी बेकरीच्या गच्चीवर हत्यारबंद माणसे असल्याचे सांगत पथक आत घुसते. ही तुलना एकदा मांडली गेली, की 'परिस्थितीच तशी होती' हे वाक्य लंगडे पडते. परिस्थिती सारखी होती. माणसे आणि सवयी वेगळ्या होत्या.

आता अहवालाच्या गाभ्याकडे येते. न्यायमूर्तींनी म्हटले आहे की पोलीस दलात मुसलमानांविषयी आधीपासूनच एक आकस घर करून होता, आणि डिसेंबरमध्ये पोलिसांवर झालेल्या हल्ल्यांनंतर तो अधिक उघड झाला. मदतीसाठी आक्रोश करणाऱ्यांना मिळालेली उत्तरे ते नोंदवतात. कधी जागा सोडता येत नाही असे उत्तर मिळे; कधी एक मुसलमान मेला म्हणजे एक कमी झाला, हा भाव असे. या मजकुराला आपल्याकडे फार उद्धृत केले जाते. पण त्यातला डिसेंबरचा भाग गाळून. पहिल्या टप्प्यात मुस्लिम जमावांनी पोलिसांवर हल्ले केले, पोलीस मारले गेले, हे त्याच अहवालात त्याच लेखणीने लिहिले आहे. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीची रात्रही त्यात आहे. ज्या न्यायमूर्तींना आपण प्रमाण मानतो त्यांना अर्धेच प्रमाण मानायचे, हे वाचकाचे वागणे नव्हे, पक्षकाराचे आहे. आपल्या सभांमध्ये मी हा मुद्दा दोनदा मांडला. एकदा टाळ्या पडल्या नाहीत आणि एकदा चहा लवकर आला.

सेनाप्रमुखांविषयी अहवालात एक लढाईची उपमा आहे. ती एवढी गाजली की अहवाल म्हणजे ती उपमा, असे समीकरण झाले. विरोधकांनी तिच्यावर आग पाखडली, समर्थकांनी ती मिरवली. त्या गदारोळात पोलीस दलाच्या अवस्थेवरची कोरडी पाने कोणी वाचलीच नाहीत. शिपायांची अपुरी संख्या, कामाचे न संपणारे तास, घरांची दुर्दशा, भरती आणि बदल्यांतला राजकीय हात, प्रशिक्षणाची उणीव हे सगळे तिथे आहे. दोषी पोलिसांची यादी (एकूण ३१) आणि ही पाने एकत्र वाचावी लागतात. यादी सांगते कोणी केले. ही पाने सांगतात की यादीतली नावे बदलली तरी पुढे काय होईल.

इथेच माझी भाषेची अडचण सुरू होते.

ज्या जानेवारीत मुंबई जळत होती, त्याच वर्षी २२ एप्रिलला लंडनच्या एल्थम भागात बस थांब्यावर उभ्या असलेल्या स्टीफन लॉरेन्स या अठरा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्या पोरांच्या टोळक्याने भोसकले. पोलिसांनी तपासात अक्षम्य ढिलाई केली. त्याच्यासोबत असलेल्या मित्राकडे साक्षीदार म्हणून पाहण्याऐवजी संशयाने पाहिले. आईवडिलांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा सर विल्यम मॅक्फर्सन यांची चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल २४ फेब्रुवारी १९९९ ला आला, श्रीकृष्ण अहवालानंतर एका वर्षाने. दोन्ही शहरांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तारखा जवळ येणे हा योगायोग. पण दोन न्यायाधीश जवळपास एकाच वेळी एकाच प्रश्नापाशी थांबले होते : पोलीस दलातला भेदभाव हा काही नासक्या आंब्यांचा प्रश्न आहे की अढीचाच?

लंडनमध्ये या प्रश्नाला इतिहास होता. ब्रिक्स्टनच्या दंगलीनंतर १९८१ मध्ये लॉर्ड स्कारमन यांनी जो अहवाल दिला, त्यात काही पोलिसांचा पूर्वग्रह मान्य केला होता, पण संस्थाच वंशद्वेष्टी आहे हा आरोप नाकारला होता. मॅक्फर्सन यांनी अठरा वर्षांनी तो शब्द स्वीकारला आणि त्याची व्याख्या केली. त्यांच्या व्याख्येचा सारांश असा की रंगामुळे, संस्कृतीमुळे किंवा वंशामुळे एखाद्या समूहाला नीट सेवा देण्यात संस्थेचे सामूहिक अपयश दिसते, तेव्हा हेतू नसला तरी, अज्ञानातून, बेफिकिरीतून, साचेबंद समजुतीतूनही तो भेदभावच असतो. इथे पोलिसाच्या मनात काय होते हे विचारायची गरज उरत नाही. त्याच्या कामाचा परिणाम काय झाला, ते विचारले जाते. त्याच अहवालाने आणखी एक साधी गोष्ट केली. घटना वंशद्वेषाची आहे असे बळी पडलेल्याला किंवा इतर कोणाला वाटले, तर पोलिसांनी तिची तशी नोंद करायची. ती खरोखर तशी होती का, हे नंतर ठरेल. नोंद आधी.

श्रीकृष्ण यांच्या हाती असा शब्द नव्हता. त्यांनी जे इंग्रजी पद वापरले, त्याचा अर्थ साधारण 'आतच बांधलेला पूर्वग्रह' असा होतो. घराच्या भिंतीत बांधलेले कपाट असते, तसा. प्रतिमा चांगली आहे, पण त्यांनी तिची व्याख्या केली नाही, तिला कायद्याचे हातपाय दिले नाहीत. म्हणून ते पद निष्कर्ष म्हणून राहिले, तत्त्व झाले नाही. अहवालाचा एक वाचक म्हणून माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. एवढा पुरावा, एवढी निर्भीडता आणि शेवटी सगळा भार पुन्हा व्यक्तींच्या यादीवर. यादीचे पुढे काय झाले ते आपण पाहिले. सुलेमान उस्मान बेकरीच्या प्रकरणात तत्कालीन सहपोलीस आयुक्त २००३ मध्ये सत्र न्यायालयातून दोषमुक्त झाले, आणि तो निकाल वरपर्यंत कायम राहिला. व्यक्ती सुटली, आणि यादीवरच विसंबल्यामुळे तिच्याबरोबर प्रश्नही सुटला, असे मानले गेले.

मराठीत तर अडचण आणखी बिकट. 'वंशवाद' म्हणावे तर इथे वंश वेगळा कुठे आहे? कोकणातला माझा मुसलमान आणि शेजारचा कुणबी यांच्या नाकात फरक दाखवा. 'धर्मद्वेष' म्हणावे तर तो जाणूनबुजून केलेला वाटतो. वर्तमानपत्रांनी 'जातीय दंगल' हा शब्द रूढ केला, त्यात ना धर्म आहे ना पोलीस. 'जातीय तेढ' तर त्याहून सोयीची, कारण तेढ नेहमी दोघांत असते, तिसरा फक्त सोडवायला येतो. तो तिसरा एका बाजूला कललेला असू शकतो, हे सांगायला या शब्दांत जागाच ठेवलेली नाही. 'संस्थात्मक भेदभाव' बरोबर आहे, पण तो सेमिनारचा शब्द आहे; माझ्या नववीतल्या मुलाला तो कळणार नाही. मला 'अंगवळणी पडलेला आकस' हा प्रयोग जवळचा वाटतो. अंगवळणी पडलेल्या गोष्टीसाठी माणसाला वाईट असावे लागत नाही. चांगला, नमाजी शेजाऱ्याशी गोड बोलणारा, ईदला शीरखुर्मा खाणारा हवालदारही नाकाबंदीत टोपीवाल्याचीच गाडी आधी बाजूला घेतो, आणि त्याला विचारले तर त्याला खरोखर आश्चर्य वाटते.

हे लिहिताना एक वेगळीच गोष्ट जाणवली. पोलीस ठाण्यातली मराठी ही मराठीतली सर्वांत फारसी मराठी आहे. फिर्याद, तक्रार, गुन्हा, पंचनामा, जबानी, मुद्देमाल, जप्ती, जामीन, हद्द, हजर, रवाना, हवालदार. माझ्या मुलांना मराठीचा धडा कठीण जातो, पण पंचनाम्याचा नमुना वाचून दाखवला तर अर्धे शब्द घरचे निघतात. 'कलम' उर्दूत लेखणी, ठाण्यात कायद्याचे. 'मयत' आमच्या घरात जशी उठते, त्याच नावाने पंचनाम्यात पडलेली असते. आणि 'इसम'. अरबीत इस्म म्हणजे नाव. अल्लाहच्या नव्व्याण्णव नावांना अस्मा म्हणतात, तो याच शब्दाचा अनेकवचनी प्रयोग. पोलिसांच्या मराठीत मात्र ज्याचे नाव माहीत नाही तो इसम, अज्ञात इसम. सगळी शब्दसंपत्ती आमची; फक्त 'संशयित' आणि 'आरोपी' तेवढे संस्कृत! (हा विनोद मी शिक्षकांच्या खोलीत केला होता. कोणी हसले नाही.)

श्रीकृष्ण अहवालात या 'अज्ञात' शब्दाची हकिगत आहे. फिर्यादीने शेजाऱ्याचे नाव सांगितले तरी नोंदीत अज्ञात व्यक्ती, अज्ञात जमाव असे आले. नोंदवलेल्या सव्वादोन हजारांवर गुन्ह्यांपैकी १३७१ गुन्हे 'अ समरी' करून मिटवले गेले. गुन्हा खरा, पण आरोपी मिळत नाही, असा तिचा अर्थ. मॅक्फर्सन यांची 'नोंद आधी' ही शिफारस मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. अन्यायाची सुरुवात लाठीने होत नाही, ती स्टेशन डायरीतल्या एका शब्दाने होते. १९७० च्या भिवंडी दंगलीनंतर न्यायमूर्ती मादन आयोगाने तिथल्या विशेष तपास पथकावर जे ताशेरे ओढले, तेही तपासातल्या पक्षपाताबद्दल होते, गोळीबारापुरते नव्हते. म्हणजे श्रीकृष्ण यांच्या आधी दोन दशके महाराष्ट्राला हे लेखी सांगून झाले होते.

पोलीस सुधारणांची दुसरी धारा दिल्लीतून येते. १९७७ चा राष्ट्रीय पोलीस आयोग, त्याचे आठ अहवाल, निवृत्त महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये दाखल केलेली याचिका आणि २२ सप्टेंबर २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. त्यात सात निर्देश आहेत : महासंचालकाला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ, तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची फारकत, तक्रार प्राधिकरण इत्यादी. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या पोलीस कायद्यात त्यासाठी दुरुस्ती केली. हे सगळे हवेच. पण वाचक म्हणून एक गोष्ट खटकते. या सातही निर्देशांचे निदान एकच : रोग बाहेरून येतो, मंत्र्याकडून येतो. मंत्र्याला दूर ठेवा, पोलीस निरोगी होईल. आतला आकस या निदानात बसत नाही. राजकीय दबावापासून मुक्त झालेला, पण अंगवळणाचा कैदी असलेला अधिकारी आमच्या मोहल्ल्यात काय करील, याचे उत्तर प्रकाश सिंह निकालात शोधून सापडत नाही.

भरतीत मुसलमानांची संख्या वाढवा, हे दुसरे ठरलेले उत्तर. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवले की भारतीय पोलीस सेवेत मुसलमान सुमारे चार टक्के होते, लोकसंख्येत १३.४ टक्के. भरती वाढायलाच हवी. माझ्या शाळेतली मुले मैदानी चाचणीला उतरतात तेव्हा मी त्यांना मराठीची व्याकरणाची पाने काढून देते. पण आकसाचे औषध म्हणून ही मात्रा अपुरी आहे. लंडनच्या दलात मॅक्फर्सननंतर भरतीची लक्ष्ये ठरली, २००० मध्ये वंशसंबंध कायदा पोलिसांना लागू झाला. तरी मार्च २०२३ मध्ये बॅरोनेस लुईस केसी यांच्या अहवालाला तोच जुना निष्कर्ष पुन्हा लिहावा लागला, आणि पोलीस आयुक्तांनी निष्कर्ष मान्य करून 'संस्थात्मक' हा शब्द तेवढा वापरायला नकार दिला. म्हणजे शब्दाची भीती तिथेही आहेच. फरक एवढाच की तिथे शब्द टाळला तर त्याची बातमी होते. शिवाय स्टीफनच्या दोन मारेकऱ्यांना २०१२ मध्ये शिक्षा झाली. कारण दरम्यान एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको, हा शतकानुशतकांचा नियमच गंभीर गुन्ह्यांपुरता बदलण्यात आला.

आता साहित्याबद्दल. मराठीत पोलीस कोणी लिहिला? माझ्या वाचनात या प्रश्नाचे पहिले उत्तर लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७). झोपडीत घुसणारा, मारणारा, हप्ता नेणारा, आणि तरीही रोजच्या जगण्याचा भाग असलेला पोलीस तिथे आहे. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण नजर गेली नाही. 'जमात' हा शब्दही आमचाच, हे जाता जाता सांगते. आमच्या वस्तीच्या टोकाला पारध्यांची पाले पडली, की मोहल्ल्यातली शहाणी माणसे काय बोलतात ते मी ऐकलेले आहे. चाचांच्या दुकानातले गल्ल्याचे पैसे गेले तेव्हा पोलीस येण्याआधी आम्हीच त्यांना पाल दाखवले. पैसे नंतर घरातच सापडले. अंगवळणी पडलेला आकस फक्त खाकीत असतो, असे 'उचल्या' वाचलेल्या माणसाला म्हणता येणार नाही.

दलित समाजाने ११ जुलै १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबाराचे गाणे केले, त्याच्यावर आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' उभा राहिला. दहा माणसे मेली होती. त्या दुःखाने शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचा जीव घेतला. आपल्याकडे १९९३ चे काय झाले? गझला झाल्या, पुष्कळ झाल्या. त्यांत राख आहे, धूर आहे, कातिल आहे, आणि कातिलच्या छातीवर बिल्ला क्रमांक कुठेच नाही. मुस्लिम मराठी साहित्य संमेलने १९९० पासून भरत आहेत, त्यांतून कथा आल्या, आत्मकथने आली. पण ठाण्याच्या बाकड्यावर रात्र काढलेल्या माणसाची, त्याच्या आईची, पासपोर्टच्या पडताळणीला आलेल्या शिपायासमोर चहा ठेवताना हात थरथरणाऱ्या बहिणीची सविस्तर मराठी कादंबरी माझ्या हाती अजून आलेली नाही. विषयाची भीती आहे, हे मी समजू शकते. पण आणखी एक कारण आहे. आपण तक्रारीची भाषा शिकलो, तपशिलाची नाही. उर्दूत तकरार म्हणजे पुन्हा पुन्हा तेच म्हणणे, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

तपशील हिंदीत एका पोलीस अधिकाऱ्यानेच दिला. विभूतिनारायण राय यांच्या 'शहर में कर्फ्यू' या छोट्या कादंबरीत संचारबंदीत अडकलेल्या सईदाची लहानगी औषधाविना जाते. तिथे घोषणा नाही. कर्फ्यू म्हणजे काय हे एका घरातल्या शौचाच्या, पाण्याच्या, औषधाच्या अडचणीतून कळते. मे १९८७ मध्ये हाशिमपुऱ्याच्या हत्याकांडाच्या वेळी तेच राय गाझियाबादचे पोलीस अधीक्षक होते, त्यावरही त्यांनी पुस्तक लिहिले. पीएसीच्या सोळा माजी जवानांना त्या प्रकरणी जन्मठेप झाली ती ३१ ऑक्टोबर २०१८ ला, एकतीस वर्षांनी.

उर्दूतून आलेला तपशील अब्दुल वाहिद शेख यांच्या 'बेगुनाह कैदी'मध्ये आहे. लेखक शाळाशिक्षक, माझ्याच पेशाचा. ११ जुलै २००६ च्या रेल्वे स्फोटांच्या खटल्यात नऊ वर्षे तुरुंगात काढून २०१५ मध्ये निर्दोष सुटलेला तेरांपैकी एकटा. साहित्य म्हणून या पुस्तकात दोष आहेत. पुनरुक्ती आहे, राग आवरत नाही, मांडणी विस्कळीत होते. पण लेखकाने स्वतःच्या दुःखाचे प्रदर्शन केलेले नाही. कबुलीजबाब कसा तयार होतो, सही कशी घेतली जाते, साक्षीदार कुठून येतो, हे तो फळ्यावर रीत मांडल्यासारखे मांडतो. तो शिक्षक आहे, हे पानोपानी दिसते. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक त्याआधीच कोठडीत मरण पावला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. आणि रेल्वेत मेलेल्यांच्या, जखमींच्या घरच्यांनी एकोणीस वर्षांनी काय वाचले? की ज्यांनी हे केले ते अज्ञात इसम आहेत. चुकीचा माणूस पकडला जातो तेव्हा फसवणूक दोन घरांची होते, हे आपल्या लेखनात आले पाहिजे. आपण नेहमी एकाच घराबद्दल लिहितो.

४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९२-९३ च्या दंगलीसंबंधी निकाल देताना बेपत्ता माणसांच्या वारसांचा शोध घेण्यास सांगितले, आणि श्रीकृष्ण आयोगाच्या पोलीस सुधारणांच्या ज्या शिफारशी सरकारने स्वीकारल्या होत्या, त्या लवकर अमलात आणण्यासही सांगितले. 'लवकर' हा शब्द चोवीस वर्षांनंतर आला. त्या शिफारशी म्हणजे तीच कोरडी, न वाचलेली पाने.

गेल्या सुट्टीत मी दुसऱ्या खंडातली काही पाने मराठीत आणायला घेतली. वर्गासाठी नाही, स्वतःसाठी. इंग्रजीतला जमाव मराठीत जमावच राहतो की झुंड होतो, यावर एक दुपार गेली. मयत लिहू की मृत, यावर दुसरी. एका नोंदीत फिर्यादीने हल्लेखोराचे नाव सांगितले होते आणि ठाण्याच्या कागदावर ते आले नव्हते. न्यायमूर्तींनी तेवढे नमूद करून वाक्य संपवले आहे. मराठीत तिथे 'अज्ञात इसम' लिहायचे तर मी ठाण्याचीच नोंद पुन्हा करते, आणि नाव लिहायचे तर ते माझ्याकडे नाही. ती ओळ अजून कोरी ठेवली आहे.